हेडफोनचा दुसरा कान

घरात माईक आला त्या दिवशी सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढंसं? अगं, मी मैदानात नुसती हाक मारली तरी फाटकावरचा कुत्रा उठून उभा राहायचा!"

हे त्या बोलल्या मात्र कुजबुजत. कारण ठिपकी झोपली होती.

सासूबाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. जन्मभर शिट्टी आणि आवाज यांवर पोट भरलेलं. निवृत्त होऊन लेकाकडे राहायला आल्या आणि इथे येऊन त्यांना कुजबुजायला शिकावं लागलं. ठिपकी वेळेच्या बरीच आधी जन्मली होती. नाव ठेवण्याइतकीही मोठी दिसेना, म्हणून बापाने तिला ठिपकी म्हटलं आणि तेच चिकटलं. सुरुवातीचे दिवस तिने काचेच्या पेटीत काढले. आता ती चांगली गुटगुटीत झाली होती, चिमटा काढावा असे गाल आले होते; पण तिच्या आईच्या मनातून काही ती पेटी जाईना. दाराची घंटा काढून ठेवलेली. मिक्सर लेक जागी असतानाच. नवरा तर शिंक आली की उशीत तोंड खुपसायचा.

नवरा गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसायचा आणि घरी आल्यावरही त्याची जीभ त्याच सीटवर असायची. "तू सारखी पहिल्या गिअरमध्ये असतेस," तो बायकोला म्हणायचा. "इंजिन तापेल गं."

ती आधी गायची. कॉलेजात, नाटकांत, पुढे कुणाकुणाच्या ध्वनिफितींत. ठिपकी झाल्यापासून मात्र गळ्यातून अंगाईपलीकडे काही निघालं नव्हतं, आणि अंगाईसुद्धा अशी, की उशीला ऐकू गेली तर गेली. अशात भोंग्याचा फोन आला. कॉलेजात असताना लाऊडस्पीकरचं काम हा सांभाळायचा, त्यावरून भोंगा. आता नाटकांना संगीत द्यायचा. नव्या नाटकात एक गाणं होतं. नदीकाठी उभी असलेली बाई पलीकडच्या तीरावरच्या माणसाला हाक मारते. "तुझ्याशिवाय दुसरी कुणी डोळ्यांपुढे येत नाही," तो म्हणाला. "स्टुडिओत येता येत नसेल तर घरून पाठव. पण परवा तालमीत गाणं वाजायला हवं. उद्या दिवस मावळेपर्यंत आलं नाही, तर दुसरी मुलगी तयार आहे. मनाविरुद्ध, पण तिला घ्यावं लागेल."

तिने हो म्हटलं. त्याच दिवशी माईक मागवला, आतल्या खोलीत कपाटापुढे उभा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीचा डोळा लागल्या लागल्या दार लोटून गाणं म्हणून पाठवूनही दिलं.

थोड्याच वेळात भोंगा फोनवर. "बाई, गाणं म्हणतेस की शेजारणीची चुगली सांगतेस?"

"म्हणजे?"

"माईक तोंडात घातलायस! ऐक जरा स्वतःचंच." त्याने गाणं लावलं. 'पल्याडच्या पाण्यावर पहाट फुटू दे.' दर 'प'ला धप्प, 'फ'ला तर कुणी टायरमधली हवा सोडावी तसा आवाज. मधल्या जागांमध्ये तिचा श्वास, फ्रिजची घरघर आणि कुठेतरी नवऱ्याचा चहाचा भुरका.

"गीतकाराला दुसरी अक्षरं मिळाली नाहीत का?" ती ओशाळून म्हणाली.

"अक्षरांवर ढकलू नकोस. तू हळू गातेस, आणि हळू गाणं ऐकू यावं म्हणून जवळ जातेस, आणि तेही पुरेना म्हणून माईकची पकड वाढवतेस. मग माईक बिचारा घरातली मुंगीसुद्धा टिपतो. नदी पार करायचीय गं तुला. मोकळी गा. वीतभर लांब उभी राहा. माईक तोंडासमोर नको, जरा बाजूला, नाकाच्या उंचीवर, म्हणजे 'प'चा वारा त्याच्या बाजूने निघून जाईल. आवाज वर चढला की अर्धं पाऊल मागे, खाली आला की पुढे. आणि आवाज घुमू नये म्हणून रजई माईकमागे टांगली असशील."

"हो. मग कुठे टांगू?"

"तुझ्या पाठीमागे. माईकचं तोंड तिकडे आहे ना!"

मग घरात एकच लगबग उडाली. अर्थात पावलं न वाजवता. नवऱ्याने तिचा जुना पायमोजा तारेच्या गोल कडीवर ताणून बसवला आणि माईकपुढे जाळी उभी केली. "पुढच्या गाडीपासून अंतर," तो समाधानाने म्हणाला, "हे मी रोज घसा फोडून सांगतो. घरात कुणी ऐकेल तर शपथ." जमिनीवर त्याने चिकटपट्टीची रेघ मारली, तिथे तिची पावलं. सासूबाईंनी दोन रजया पडद्याच्या दांडीवर टाकल्या. फ्रिज तेवढ्यापुरता बंद. बाहेरच्या खोलीत पाळणा, आतल्या खोलीत माईक, मध्ये एक दार.

तिने हेडफोन चढवले. एक कान झाकला. हेडफोनचा दुसरा कान तिने नेहमीसारखा मागे सरकवला, केसांवर. तिचा तो कान उघडा, दाराकडे. पाळण्याची करकर, झोपेतला सुस्कारा, अंग वळवताना होणारी दुपट्याची सळसळ, हे सगळं तिला त्या कानाने ऐकू यायला हवं होतं. गाता गाता ती ते ऐकत होती. 'पल्याडच्या पाण्यावर' म्हणताना पाळणा हलला का, 'पहाट फुटू दे' म्हणताना श्वास लागला का.

गाणं गेलं. भोंग्याचा फोन आला.

"आता 'प' सुटला, आवाज खुलला. शाबास. पण मागे हे टिकटिक काय? आणि हे पेटीचे सूर? मी तुला गाण्यासाठी कानात दिलेला ताल आणि सूर तुझ्या माईकमध्ये पाझरलाय. हा काढता येत नाही, बाई. खरं सांग, तुझा एक कान कुठे होता?"

ती म्हणाली, "लेकीकडे."

भोंग्याच्याही घरी एक मूल लहानाचं मोठं झालं होतं. "हेडफोनचा उघडा कान हा छोटा भोंगाच असतो," तो हळूच म्हणाला. "तो बंद कर. दोन्ही कान गाण्याला दे. एवढं एक गाणंभर. दिवस आहे अजून."

फोन ठेवून ती पाळण्याशी जाऊन उभी राहिली. ठिपकी उताणी, दोन्ही मुठी डोक्याशी, जणू कुणी हात वर करायला सांगितलंय. पोट वर, खाली. वर, खाली.

"दे नकार," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे मी देते. ती दुसरी मुलगी गाईल."

"अगं पण झालंच की!"

"दोन्ही कान बंद करून नाही जमायचं मला."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाई पाळण्याच्या पलीकडून आल्या. "मी आहे ना इथे. मैदानभर पोरं सांभाळली मी, एकही हरवलं नाही."

"आई, ती हरवेल म्हणून नाही हो. तिचा श्वास..."

सासूबाईंनी पदराने उगाच चष्मा पुसला. "त्या काचेपाशी तुझ्या मागे मीही उभी असायचे, पोरी. तू पेटीकडे बघायचीस आणि मी तुमच्या दोघींकडे. हे बघ, पोटावर हात ठेवून बसते. असा. तुझं गाणं संपेपर्यंत हा हात उचलला तर माझ्या नावाने शिट्टी वाजव. जा."

"रडली तर हाक मारा."

"जा म्हटलं ना."

तिने दार लावलं. रेघेवर उभी राहिली. हेडफोनचा दुसरा कान बोटांनी धरून ठेवला, सोडला, पुन्हा धरला. मग झाकला.

घर गेलं. पाळणा गेला, रस्ता गेला. कानांत फक्त ताल, आणि त्यावर तिचाच आवाज, जो तिने किती दिवसांत ऐकला नव्हता. पहिली ओळ जरा थरथरली. दुसऱ्या ओळीला गळा आपोआप उघडला. वर चढताना तिचं पाऊल मागे गेलं, उतरताना पुढे आलं, आणि शेवटच्या हाकेला तर तिने डोळे मिटून घेतले. नदी होती. पलीकडे माणूस होता. त्याला ऐकू जायला हवं होतं.

गाणं पाठवून ती धावतच बाहेर आली. ठिपकी सासूबाईंच्या खांद्यावर, डोळे टक्क उघडे, चष्म्याच्या दोरीशी खेळत.

"उठली?"

"उठली."

तेवढ्यात भोंग्याचा संदेश. 'अंगावर काटा आला. हेच हवं होतं. पण शेवटच्या ओळीमागे कुणीतरी रडतंय. तेवढी ओळ परत दे.'

तिचा चेहरा उतरला. "आई, रडली ती?"

"रडली. मुलं रडतात."

"मग मला हाक का नाही मारली? हात उचलणार नाही म्हणाला होतात!"

"हात कुठे उचलला? हाताबरोबर पोरगीच उचलली." मग सासूबाई जरा नरमल्या. "अगं, दार किलकिलं केलं होतं मी. तू डोळे मिटून गात होतीस. तसा चेहरा लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला तुझा. परत फिरले. काही चुकलं असेल तर बोल."

ती आत गेली, हेडफोन चढवले आणि शेवटची ओळ लावली. आपल्या आवाजाच्या पाठीमागे, दाराआडून, बारीक, ते होतं. ठिपकीचं रडं. आपली लेक रडत होती आणि आपण गात होतो. मग त्या रड्यावर दुसरा आवाज आला, खेळाच्या बाईंचा, न कुजबुजलेला, ऐसपैस: "ओ ओ ओ, काय झालं माझ्या पैलवानाला!" रडं अडखळलं. एक हुंदका. आणि ओळ संपायच्या आत एक छोटंसं, ओलसर खिदळणं.

तिने ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. रडं कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं, तेवढंच. तिच्या कानांदेखत, तिच्यावाचून, ते थांबत होतं.

"काय ऐकतेस एवढं?" नवरा दारात.

"काही नाही," ती नाक पुसत म्हणाली. "आईंना म्हणावं, तिला जरा खाली फिरवून आणता का? एक ओळ राहिलीय."

"मी पण जाऊ?"

"तू आधी जा. तुझा चहाचा भुरका नकोय मला."

सासूबाई नातीला घेऊन निघाल्या तेव्हा तिने टोपडं नीट केलं, पायमोजे वर ओढले, पातळ शाल हवी का विचारलं. मग हात मागे घेतला. जिन्यावरून सासूबाईंचा आवाज उतरत गेला आणि ऐकू येईनासा झाला. ती रेघेवर येऊन उभी राहिली. या वेळी दुसरा कान झाकताना हात थांबला नाही.

ओळ एका दमात आली. ऊन खिडकीच्या कडेला आलं होतं, तेव्हा भोंग्याचं उत्तर आलं: 'घेतलं. दुसऱ्या मुलीला नाही म्हणून कळवतोय. आराम कर.'

आराम कसला, ती जिना उतरून खालीच गेली. फाटकाजवळच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या आणि मांडीवरच्या ठिपकीला रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीबद्दल काहीतरी मोठमोठ्याने सांगत होत्या. तिने लांबूनच हात पसरले. "ये!"

ठिपकीने आईकडे पाहिलं, हसली, आणि मान फिरवून परत आजीच्या तोंडाकडे बघू लागली. पुढची गाडी यायची होती.

तिला जरासं टोचलं. हात तसेच हवेत राहिले.

"बस इथे," सासूबाई बाजूला सरकत म्हणाल्या. "आमचं चाललंय. झालं की देते."

ती बसली.