चंद्रीचं खानदान

भांडण दोन लायब्रऱ्यांचं होतं अन् मी हार मानणारी नव्हती.

वडनेरच्या आमच्या बाबांच्या गौळाऊ जातीच्या गाईंची वंशावळ मोबाइलमध्ये उतरवायची होती. चराईच्या रानात नेटवर्क नाई, म्हून डेटाबेस फोनातच पाहिजे. त्या डेटाबेसचे तक्ते अन् आमचा कोड यांच्यात दुभाष्याचं काम करते ती लायब्ररी, म्हंजे आयता मिळणारा कोडचा संच. माझ्या पसंतीची माय-वासराचं नातं एका ओळीत जोडून देत होती. सिंदी मेघेच्या ऑफिसातला माझा भागीदार निकेश दुसरीवर अडून बसला. म्हणे, "ही जरा जास्त लिहायले लावते, पण प्रत्येक गोष्ट विचारून करते."

"सासू आहे काय ते?" मी म्हटलं.

पैज लागली. ज्याची लायब्ररी फसन, त्यानं बाबांचा गोठा झाडायचा. पैजेची मले फिकर नव्हती. पण बाबांनी हो म्हटलं तरच गावातले तीस गोपालक आमचं अ‍ॅप घेणार होते, अन् आमचे बाबा पुंडलिकराव एकदा नाई म्हटले की ब्रह्मदेव आला तरी नाईच.

निकेशसंग वडनेरले जाऊन माझ्या लायब्ररीवाला फोन मी बाबांच्या हाती देला. सत्तावीस जनावरं भरली होती. त्यायनं चष्मा लावून एकेक नाव वाचलं, मान डोलावली. मी निकेशकडं पाहून भुवया उडवल्या.

"चंद्री तं सोमवारीच जाम गावच्या महादेवरावाले देली," बाबा म्हणाले, अन् तिच्या नावापुढचं 'काढा' दाबलं.

चंद्री गेली. तिच्या मागं तिची मोरी गेली, मोरीची हरणी गेली, हरणीचं कालचं वासरूही गेलं. सारा गोठाच चंद्रीच्या वंशाचा, म्हून उरले फक्त बाहेरून आणलेले चार बैल. माय काढली की लेकरंही काढायची, हे माझ्या लाडक्या लायब्ररीनं परस्पर ठरवलं होतं, अन् मी ते वाचलंच नव्हतं.

बाबांनी खिडकीतून गोठ्यात पाह्यलं. "मोरी तं कडबा खाऊन राह्यली. माय देली म्हून खानदान कसं जाईन वं? तुले सिंदी मेघेले देली, तं तुयं नाव का या घरातून गेलं?"

"मले गाईसंग जोडता काय, बाबा?" मी म्हटलं, पण डोळे भरून आले होते.

निकेशनं गुपचूप आपला फोन पुढं केला. त्याच्या लायब्ररीनं कोड लिहितानाच विचारलं होतं, माय काढली तर लेकराचं काय? त्यानं लिहिलं होतं, राहू द्या, माईच्या नावासकट. बाबांनी त्यावरही 'काढा' दाबलं, कारण 'विकली' निवडलं. चंद्रीपुढं 'विकली' आलं, अन् खाली सारं खानदान जागच्या जागी.

"हे ठेवा," बाबा म्हणाले. "बाकीच्यायले मी सांगतो." मग माझ्याकडं वळले. "अन् रक्षा, खराटा दाराआड आहे. पैजेचं निकेशनं सकाळीच फोनवर सांगितलं मले."