बाबांनी लावलेलं कुलूप

बाबांचा जुना संगणक मान टाकायला आला, तेव्हा मी म्हटलं, "पेनड्राइव्हवर फायली कॉपी करते, झालं."

"आणि निम्म्या राहिल्या म्हणजे? डिस्क इमेज करू. अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, जशीच्या तशी. वर कुलूप." बाबांनी आयुष्यभर एका कचेरीचे संगणक सांभाळले होते. पासवर्ड घालताना पाठ माझ्याकडे, सवयीने.

"सांगून तरी ठेवा."

"मी काय मेलोय का?"

"काहीतरीच बोलता," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

त्या इमेजमध्ये बावीस गोष्टी होत्या. माझ्या पिल्लूसाठी बाबांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या. राक्षस आला की खोकायचे, म्हातारी आली की दात नसल्यासारखे बोलायचे.

बाबांचा एक नियम होता: इमेज दुसऱ्या सिस्टिमवर उघडून पाहिल्याशिवाय मूळ डिस्क पुसायची नाही. माझा लॅपटॉप दुसऱ्या सिस्टिमचा, म्हणून ते काम माझ्याकडे. माझ्या घरी परतले तर पिल्लू तापाने फणफणलेली. तिचे श्वास मोजत बसले होते, तेवढ्यात बाबांचा फोन.

"उघडली का गं?"

"हो."

इमेजचा पेनड्राइव्ह पर्समध्येच होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी डिस्क पुसली, संगणक भंगारात दिला. बारा दिवसांनी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कळतं सगळं.

मग मी पेनड्राइव्ह लावला. माझ्या लॅपटॉपला ती फाइल ओळखीचीच वाटेना. दुरुस्तीवाला आईबाबांच्या घरी आला, त्याने कसलासा प्रोग्रॅम टाकला. इमेज ओळखली गेली आणि पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट आली.

आम्ही बाबांची खुर्ची टेबलाला लावली. डाव्या हाताचं बोट नेमकं, न चाचरता फिरलं. चुकीचा. पुन्हा. चुकीचा.

"ताई, पहिल्यांदा सात अक्षरं होती, आता नऊ," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "त्यांना वाटतंय तेच टाकतायत, पण दरवेळी वेगळंच उमटतंय."

"तुम्हाला नाही तोडता येणार?"

"काकांनी लावलंय ना? मग नाही."

एरवी बाबा खूश झाले असते. आता ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून टाकायला लागले. सहाव्यांदा चौकट रिकामी झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपाळावर जोरात हात मारून घेतला. पिल्लूला वाटलं खेळ आहे, तीही मारायला लागली.

मला राहवलं नाही. त्यांचा हात धरला. "तुमचं काही चुकत नाहीये, बाबा. मी त्या दिवशी उघडलीच नव्हती. खोटं बोलले. तेव्हा लावून पाहिली असती, तर तिथेच अडले असते आणि पासवर्ड तुम्हीच टाकला असता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. मी "एकदाच, बाबा" म्हणत राहिले, पण त्यांनी कीबोर्डला पुन्हा बोट लावलं नाही.

दुरुस्तीवाला गेल्यावर आई म्हणाली, "कशाला सांगितलंस?"

"ते स्वतःलाच मारत होते गं."

"म्हणून काय झालं? तोवर उघडेल असं तरी वाटत होतं त्यांना."

आई त्यांची खुर्ची खिडकीकडे घेऊन गेली. पडद्यावर चौकट तशीच होती. पिल्लू त्या चौकटीवर बोटं आपटत होती आणि मी तिला अडवलं नाही.