वाटाण्याच्या फुलावरची हळद

गौरांगीचा फोन आला, "काकू, काकांच्या मॉडेल्सचा रिव्ह्यू चाललाय. कॅन यू कम?" मी तडक निघाले. एलआरटीच्या गाडीत बसले तरी डोकं तापलेलंच होतं. जुन्या वस्तूंना बाहेरचा रस्ता दाखवायचा झाला की हे लोक आधी त्यांचा रिव्ह्यू करतात.

इकडची, कॅनडातली विद्यापीठं नवी होती तेव्हा कपाटं भरण्याची भारी हौस. दगड, पेंढा भरलेले पक्षी, ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला आणि कागदाच्या लगद्याची, पाकळ्या सुट्या होणारी थोरली फुलं. जनार्दन, म्हणजे आमचे हे, एडमंटनला त्या फुलांवर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वाटाण्याचं फूल त्यांचं फार लाडकं, कलिंगडाएवढं. ते स्वतः कधी उघडायचे नाहीत. वर्गातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलीला बोलवायचे, "टेक इट अपार्ट." ती भीत भीत पाकळी काढायची, आतले पुंकेसर दिसले की सगळा वर्ग पुढे झुकायचा. किती छान दिवस होते ते! यांना जाऊन तीन वर्षं झाली.

गौरांगी आमच्या स्नेह्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, विद्यापीठाचा संग्रह सांभाळते. तिने फुलाच्या देठावरचा पिवळा डाग दाखवला.

"धिस इजन्ट ओरिजिनल, काकू. जुन्या पिवळ्या रंगात विषारी लेड असू शकतं. टेस्टिंगला बजेट नाही. डाग असेपर्यंत स्टुडंट्सना हात लावू देता येणार नाही. इट गोज इन अ सील्ड बॉक्स."

"आणि तो बॉक्स कोण उघडणार?"

"नोबडी," ती खाली बघत म्हणाली.

मी चष्मा लावून वाकले आणि मला हसूच फुटलं. दसऱ्याला हे सूक्ष्मदर्शकांना आणि या फुलांना हळदकुंकू वाहायचे. मी ओरडायचे, "अहो, कागद आहे तो, पितळेचा देव नाही!" मग हे घाईघाईने पुसायचे. कुंकू निघायचं, हळद राहायची.

"हळद आहे गं ती!"

"टर्मरिक? ओह माय गॉड! पण काढायची कशी? पाण्याने कागद फुगेल."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. हळदीचा सदरा धुतलेल्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं. पण मी आणखी खाली वाकले. त्या डागात यांच्या अनामिकेच्या रेषा दिसत होत्या, अगदी स्पष्ट. घरातले कपडे देऊन टाकले, चष्मा दिला. हे बोट तेवढं उरलं होतं. मी तोंड मिटून ठेवलं असतं तर ते बंद पेटीत सुखरूप राहिलं असतं.

पण फूलही बंदच राहिलं असतं. यांना ते मुळीच खपलं नसतं.

"उन्हात ठेव, हळद उन्हाने उडते," मी म्हणाले. "बाकी फूल काळ्या कापडाने झाक, देठ तेवढा उघडा." जून होता, खिडकीत ऊन रात्री जेवणं होईपर्यंत हलत नव्हतं. निघताना मी त्या डागावर माझं बोट टेकवलं.

पुढच्या आठवड्यात गौरांगीने कापड उचललं. देठ स्वच्छ हिरवा होता.

"काकू, लुक! काहीच राहिलं नाही!"

"छान झालं हो," मी म्हणाले, आणि वॉशरूममध्ये जाऊन पोटभर रडले.