काच कोरडी होती

काचेच्या आतल्या बाजूला धरणारा पहिला थेंब मोहरीएवढा असतो. तो बराच वेळ जागचा हलत नाही. शेजारचा थेंब येऊन मिळाला की दोघे जड होतात आणि खाली घसरतात. मागे काडीएवढी स्वच्छ वाट उरते. कित्येक पावसाळ्यांत मी असल्या वाटांमधूनच रस्ता पाहिला आहे.

मित्रांनो, अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांना नेणारी मी एक जुनी पांढरी गाडी आहे. माझे मालक आणि चालक एकच, हर्सूलचे बद्रीनाथअण्णा. मी नवी होते तेव्हा ते मला रोज सकाळी धूत. लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या थांब्यावर इतर चालक त्यांना चिडवत, "अण्णा, गाडी हाय का नवरी?" मला तेव्हा फार अभिमान वाटे.

मग माझ्या आत ओल शिरली. समोरच्या काचेखाली पावसाचे पाणी वाहून जायला एक भोक असते. दारातल्या कडुलिंबाच्या पानांनी ते बुजले. पाणी आत झिरपून पायाखालच्या गालिच्यात मुरले. त्यात अण्णा धुळीच्या भीतीने बाहेरच्या हवेची झडप कायम बंद ठेवत. सात प्रवाशांचा श्वास आतल्या आत फिरे आणि थंड काचेवर पाणी होऊन बसे. अण्णा फडक्याने पुसत आणि काच पुन्हा धूसर होई. मग ते डॅशबोर्डवर मुठी हाणत. एकदा त्यांनी आतला आरसा उपटून रस्त्यावर आपटला. मला धुणारेच ते हात होते.

गेल्या ऑगस्टमध्ये फुलंब्रीच्या पुढे एक शेळी माझ्या चाकाखाली आली. तिची हाडे मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यातून वर चढला. लोक धावले. एकाने अण्णांची गचांडी धरून त्यांना बाहेर खेचले, दुसऱ्याने कानफटात हाणली. कोणीतरी दगडाने माझा दिवा फोडला.

"आंधळा हायस का रं मुडद्या?" शेळीची मालकीण पारूबाई छाती पिटत ओरडत होती. "शेळीमागं माझी नात व्हती!"

नात माझ्यापासून दोन हात अंतरावर उभी होती.

"काचंवर वाफ धरली व्हती," अण्णा रक्त थुंकत म्हणाले.

त्यांची मुलगी सायली कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षे ती एकच गोष्ट सांगत होती. त्या संध्याकाळीही तिने सांगितली.

"अण्णा, मोतीबिंदू असंल. डोळे तपासा. तोवर गाडी चालवू नका."

"माझे डोळे ठणठणीत हायेत. तू आधी ही काच नीट कर, मग मला शिकव."

"करते. मग ऐकाल?"



सायलीने सळईने भोक मोकळे केले. गालिचा उपसून तीन दिवस उन्हात वाळवला. झडप उघडली आणि अण्णांना दाखवले, की एसी फक्त गारवा देत नाही, हवेतली ओलही काढून घेतो. चौथ्या दिवशी माझी काच लख्ख झाली. मला आनंद झाला, आणि पाठोपाठ भीती वाटली. आता अण्णा कोणावर चिडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही फर्दापूरला प्रवासी आणायला निघालो. सायली शेजारी बसली होती. वाटेतल्या चौका गावाच्या चढावर अण्णांनी फडके काढले आणि कोरडी काच पुसायला लागले.

"धरली बघ परत वाफ! काय डोंबलाची नीट केली?"

सायलीने काचेवरून बोट फिरवले आणि त्यांच्यासमोर धरले. "कोरडं हाय, अण्णा. बघा. अण्णा, ब्रेक! ट्रॉली!"

कडेला मक्याची ट्रॉली उभी होती. तिच्या कोपऱ्याने माझे बॉनेट चिरडले. सायलीचे कपाळ फुटले.

अण्णा उतरले. त्यांनी मुलीकडे पाहिले नाही. जॅकचा दांडा घेतला आणि समोरच्या काचेवर घातला. "हिनंच घात केला! हिनंच!" माझ्या काचेत दोन थर असतात आणि मधे चिवट पडदा, म्हणून ती लगेच पडत नाही. त्यांनी नऊ घाव घातले. प्रत्येक घावाला माझे छत हादरत होते. मग त्यांनी चुरा झालेली काच उघड्या हातांनी ओढून काढली. रक्त माझ्या बॉनेटवर टपकले.

मित्रांनो, आता मी गॅरेजच्या मागे उभी असते. तुमच्या गाडीत ओल आली तर ती कुठून आली ते शोधा, तिला वेळेवर वाळवा. पण पुसूनही दिसत नसेल तर काचेला मारू नका. मला बोलता आले असते तर त्या दिवशी मी एवढेच सांगितले असते.

काच ओढून काढल्यावर अण्णा दमून जागेवर येऊन बसले. समोर नुसती चौकट होती आणि आत वारा येत होता. कपाळाला ओढणी दाबून सायली म्हणाली, "आता काच नाय, अण्णा. ट्रॉलीवर काय लिहिलंय, वाचा."

ट्रॉली चिरडलेल्या बॉनेटला टेकूनच होती. अण्णांनी डोळे बारीक केले. मग सवयीने फडके उचलले आणि पुसायला हात पुढे नेला. हात चौकटीतून आरपार बाहेर गेला. तो तसाच तिथे थांबला.

मग त्यांनी तो आत घेतला आणि माझी किल्ली काढली.

"सायले, ही घे," ते म्हणाले. "आजपासनं मी गाडी चालवणार नाय."