मला कुणीही सुई टोचलेली नाही

मी उझबेकिस्तानातल्या खोरेज्मचं हिवाळी खरबूज बोलतोय. माझी साल जाड, अंगभर जाळी. आम्ही विषारी आहोत असं गावोगाव सांगत फिरणाऱ्यांनो, जरा थांबा. आज माझंही ऐकावं लागेल.

अमूदर्या नदीच्या कालव्याकाठी मी वाढलो. सानोबारआपाने मला देठासकट उतरवलं, लव्हाळ्याच्या शिंक्यात घातलं आणि मातीच्या कोठीत आढ्याला टांगलं. आमच्यासारखी खरबुजं अशीच थंडीपर्यंत टिकतात. आमच्या कित्येक पिढ्या अशाच लोंबकळल्या आहेत.

एके दिवशी आपाचा दीर योदगोर फोन नाचवत कोठीत आला.

“वहिनी, हे बघा! खरबुजांना सुया टोचून गोड औषध भरतात म्हणे. म्हणूनच तर तुमची सडत नाहीत!”

“भावजी, उन्हाळाभर तुम्ही शेतात आलात ते फक्त खायला,” आपा म्हणाली. “तेव्हा कुठे दिसली होती सुई?”

तो हसला, पण फोनवरची ती बातमी गावभर पोचली. त्यातच शेजारच्या रायहोनच्या लेकीला उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. तिने आपाकडचंच खरबूज खाल्लं होतं. झालं! बाजारात बाया गाडीपाशी येऊन ओरडल्या, “विष विकतेस!” आधी विकत नेलेली माझी भावंडं लोकांनी कालव्यात फेकली. आपा भरली गाडी घेऊन परत आली आणि आमच्याखाली उभी राहून हळूच म्हणाली, “खरंच का रे तुमच्यात काही आहे?”

सांगतो, हा प्रश्न मला फार लागला.

पण आपा रडत बसणारी नव्हे. तिने दाभण आणलं, माझ्या शेजाऱ्याला भोसकलं, त्यात बिटाचं लाल पाणी भरलं आणि त्याला पुन्हा टांगून ठेवलं. रंग भोकाभोवतीच अडकून राहिला. थोड्याच दिवसांत तिथून पाणी गळू लागलं, बुरशी धरली, कोठीत घाण सुटली. मी मात्र टणक. ज्याची साल फुटते तो सडतो, एवढं साधं आहे हे!

तेवढ्यात रायहोन आली. लेक बरी होऊन घरी आली होती, तरी हिचा चेहरा उतरलेला.

“आपा, डॉक्टर म्हणाले, दोष खरबुजाचा नाही. पाहुणे होते, घाईत मी मटणाच्याच सुरीने कापलं. सालही धुतली नव्हती. फोडी संध्याकाळपर्यंत उन्हात राहिल्या, त्याच पोरीने खाल्ल्या.”

“मग हे बाजारात का नाही बोललीस?”

“लोक म्हणतील, कसली ही आई!”

“आणि मला विष विकणारी म्हणतात, ते चालतं?”

रायहोन नुसतीच ओढणीचं टोक पिळत राहिली.

पुढच्या बाजाराला आपाने फरक दाखवायला गाडीत आम्हा दोघांना ठेवलं, मला आणि त्या सडक्याला. बाया नाक दाबून पुढे सरकू लागल्या. इतक्यात रायहोन गर्दीतून आली आणि थेट गाडीवर चढली. आवाज खणखणीत.

“माझी पोर माझ्या सुरीमुळे आजारी पडली! आपाच्या खरबुजामुळे नव्हे. शिव्या द्यायच्या तर मला द्या!”

गर्दीत कुणीतरी पुटपुटलं, “आम्ही तरी कुठे रोज धुतो?”

मी काही सोवळ्यातला नाही, हेही ऐकून घ्या. मी जमिनीवर लोळत वाढतो. माझ्या जाळीत माती अडकते, शेण अडकतं, तुमच्या हातांची घाण अडकते. मला घासून धुवा. सुरी स्वच्छ ठेवा. कापलं की खाऊन टाका, नाहीतर थंडाव्यात झाकून ठेवा. एवढं करायचं सोडून माझ्या नावाने बोंब मारू नका. ते मी ऐकून घेणार नाही!

आता रायहोन मला बाजारातल्या नळाखाली धरून चोळते आहे. नवी सुरी आपाच्या हातात आहे. मला भीती नाही. कापा, बघा, माझा गर पांढराशुभ्र आहे, मध टपकतोय त्यातून. मी ज्यासाठी जन्मलो ते आज होतंय.

गर्दीतून सर्वांत आधी हात पुढे आला तो योदगोरचा.

“वहिनी, मोठी फोड द्या हां!”

आपाने फोड मागे घेतली.

“भावजी, आधी हात धुवा.”