उशिरा आलेला उजेड

सहादूच्या दुर्बिणीत एकाच ताऱ्याचे दोन दिसत होते, आणि ते बघायला पुण्याचे प्रोफेसर येणार होते. आता भानगड आरशाची निघाली, तर पारनेरात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

सहादूचं सायकलीचं दुकान. शाळा सातवीपर्यंत. पण गडी रद्दीतली इंग्रजी मासिकं डिक्शनरी घेऊन वाचायचा, आणि जाड काच घासून घासून दुर्बिणीचा आरसा त्यानं स्वतःच केला होता. त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळानं ढग पार पुसून नेलेले. आभाळ लख्ख. तेवढ्यात कन्या राशीत त्याला पाहिजे तो ठिपका सापडला. क्वेसार. दिसायला ताराच, पण इतका लांबचा, की त्याचा उजेड माणूस जन्मायच्या आधीच निघालेला. पण त्या ठिपक्याच्या बगलेत आणखी एक होता, फिकट.

मासिकात लिहिलं होतं, वाटेत फार जड काही असलं तर उजेड वाकतो. एकच वस्तू दोन दिसते. एक उजेड जवळच्या वाटेनं लवकर येतो, दुसरा लांबून, उशिरा. पण हे कागदावरचं गणित. डोळ्यांनी कुणी बघितलं नव्हतं.

"मग तूच व्हय पयला?" धाकटा भाऊ आसाराम म्हणाला. "आरसाच वाकडा आसंल. सायकलीचं चाक बी तू वाकडंच बशिवतोस."

"म्हणून तर तपासायचाय. तू तळ्यापल्याडच्या डोंगरावर कंदील घिऊन बस. कंदिलावर भोक पाडलेला डबा ठिवायचा. भोकातनं तेवढाच उजेड हिकडं यील, ताऱ्यावानी. एक दिसला तर आरसा चांगला."

"आन् दोन दिसले तर?"

"तर प्रोफेसरांना सांगतो, येऊ नका."

आसाराम त्याच डोंगरावर दुष्काळी कामाची खडी फोडायचा. काम सुटल्यावर तो तिथंच थांबला. बायकोनं, चांगुणानं, भाकरी सकाळीच बांधून दिली होती.

दिवेलागण झाली. सहादूनं गावाशेजारच्या टेकाडावरनं दुर्बीण डोंगराकडं रोखली, डोळा टेकवला.

दोन ठिपके. एक ठळक, एक फिकट.

म्हणजे खोट आरशातच. तरी पण खात्री करायची म्हणून त्यानं आरसा जाग्यावरच थोडा फिरवला. खोट आरशात असली, की खोटा ठिपका आरशाबरोबर फिरतो. ठिपका फिरला नाही. आणखी फिरवला. नाहीच.

आणि मग फिकट ठिपका आपला आपण हलायला लागला. डावीकडं, उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं. ठळक मात्र गप्प. बराच वेळ हे चाललं. मग फिकट विझला.

"काच तापलीय दिवसभर," सहादू स्वतःशीच म्हणाला. त्यानं आरसा काढला. पुसला. निवू दिला. परत बसवला. ठळक ठिपका होता तिथंच, निवांत.

चांगुणा पाण्याची कळशी घेऊन वर आली. "हाय का भाऊजी, आमचं मानूस जाग्यावर?" म्हणत तिनं डोळा लावला. "हाय की. दिवा हाय."

सहादूचे हात एकदम थांबले. ठिपका आरशाबरोबर फिरला नव्हता, म्हणजे खोटा नव्हता. म्हणजे एकाच कंदिलाचा उजेड दोन वाटांनी येत होता. मधे काय? नुसतं आटलेलं तळं. त्यात एवढं जड काय असणार? पण येत होता. आणि फिकट जर लवकरचा असला, तर तिकडं कंदील कधीच हलून विझलेला...

"चांगुणा, तुला दिसतोय त्यो मघाचा दिवा हाय."

"म्हंजी?"

तोवर तो टेकाड उतरून पळत सुटला होता.

तळ्याच्या भेगाळलेल्या मातीत पाय असे जड पडत होते, की जणू खालून कुणी ओढतंय. ओरडला, तर आवाज तोंडापाशीच पडला. वर डोंगरावर कंदील शांत जळत होता. तो चढला, शेवटचा दगड ओलांडला, आणि उजेड नव्हताच. कंदील आडवा पडलेला. काच थंडगार.

आसारामचा पाय दरडीच्या दगडाखाली होता.

"दादा, कवाधरनं कंदील हालवतोय. दिसंना व्हय तुला?"

"दिसला," सहादू म्हणाला. "मला वाटलं, आरसा खोटाय."



तिथलीच पहार घालून सहादूनं दगड उचलला आणि भावाला पाठीवर घेऊन खाली आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता. मधल्या काळात प्रोफेसर येऊन गेले. दुकानाला कुलूप होतं.

आसारामला घरी आणलं त्या संध्याकाळी सगळे ओसरीवर होते. चांगुणा दिवा लावायला उठली आणि तशीच उभी राहिली.

"भाऊजी, डोंगरावर कोन हाय?"

एक उजेड हलत होता. डावीकडं, उजवीकडं.

गल्लीतली माणसं गोळा झाली. "आरं, कोन तरी अडाकलंय! दोर घ्या, चला!"

"कुनी जाऊ नका," आसाराम बाजेवरनं म्हणाला. "त्यो मी हाय. त्या रातचा."

कुणी हसलं नाही. दोर घेतलेला माणूस दोर हातात धरून तसाच उभा राहिला. चांगुणानं पदर तोंडात धरला.

उजेड जोरात हलायला लागला. सहादूनं भावाकडं बघितलं. आसारामचा रिकामा हात बाजेच्या कडेला तसाच हलत होता, उजेडाच्या तालात.

"दादा," आसाराम म्हणाला. तो शेजारी बसलेल्या सहादूकडं बघत नव्हता, डोंगराकडं बघत होता. "येतोस का न्हाई रं?"

सहादूनं तो हात घट्ट धरला. "आलोय, आसा. हितंच हाय मी. आलोय."

डोंगरावरचा उजेड विझला.

आसारामचा हात सहादूच्या मुठीत हलतच राहिला.