काट्यानं दाखवलेली चीर

सौंसरच्या जिनात गुणवंता मिस्त्रीचा शब्द शेवटचा. तो नाही म्हणाला तर कापसातली सरकी काढायचे रेचे चालवायची खुद्द मालक भैय्याजींचीही बिशाद नव्हती. हातोडीनं रेचे फिरवणाऱ्या शाफ्टवर ठोकायचा, कान द्यायचा अन् सांगून मोकळा व्हायचा.

छप्पन सालच्या ऑक्टोबरात नागपूरहून श्रीधर नावाचा नवखा साहेब तपासणीला आला. त्यानं पेटीतून तारेचं वेटोळं काढलं, वीज सोडली अन् ते वेटोळं शाफ्टवरून फिरवू लागला. लोखंडात म्हणे विजेचे भोवरे उठतात, चीर आली की अडतात, अन् पेटीवरचा काटा उडतो. पुलीजवळ काटा उडाला. तीनदा फिरवलं, तीनदा तिथंच. गुणवंतानं बोट फिरवून पाहिलं तर लोखंड गुळगुळीत.

शाफ्ट बदलल्याशिवाय जिन चालवू नका, असा कागद भैय्याजींना देऊन साहेब निघाला. जाताना म्हणाला, "मिस्त्री, कानाच्या भरवशावर राहू नका."

तेही सगळ्या मजूर बायांसमोर! त्यात रेच्यावर कापूस टाकणारी गुणवंताची स्वतःची बायको, कलाबाई, फिस्सकन हसली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चार दिवसांत एक नोव्हेंबर उजाडला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. बंद जिनाच्या अंगणात कापसाच्या बैलगाड्या खोळंबलेल्या.

भैय्याजी म्हणाले, "त्या साहेबाचा कागद आता परमुलखाचा झाला. तू सांग गुणवंता, चालवू का?"

गुणवंताच्या मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलायचं? तरी त्यानं हातोडी मारली. आवाज खणखणीत आला.

"चालवा जी. काट्याले काय समजते लोखंडातलं!"

नवव्या दिवशी शाफ्ट तुटला. पुली सुटून रेच्यांच्या ओळीवर कोसळली. खाली कलाबाई होती. तिला काढायला अर्धा तास लागला, पण घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

चौकशीला जबलपूरहून दुसरा साहेब आला. गुणवंता त्याच्यापुढं उभा राहिला. "साहेब, नागपूरचा काटा खरं सांगून राहिला होता. मले भेव वाटलं होतं, तरी म्या चालवा म्हटलं. माझं नाव लिवा."

"नागपुर का कोई काग़ज़ हमारे दफ़्तर में नहीं है," साहेब म्हणाला, अन् त्यानं अपघात असं लिहिलं.

"घरी जाय गुणवंता," भैय्याजी मायेनं म्हणाले. "तुहा काही दोष नाही."

गुणवंता जागचा हलला नाही.

"लिवा ना जी," तो हात जोडून म्हणाला. "तिले म्या मारलं."

साहेबानं पेनाला टोपण लावलं.